घोडा आधी, नांगर नंतर

प्रिय मामा,

सप्रेम जय भीम.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या काळात मी तुम्हाला उद्देशून एक ओळही लिहिली नाही, कारण गेलेल्या माणसांना पत्रे लिहिणे हा प्रकार मला नेहमीच भाबडा वाटत आला. आज लिहिते आहे ते एका संपादकांमुळे. नाणकशास्त्राच्या ज्या नियतकालिकात सात वर्षांपूर्वी माझा निबंध छापून आला, त्यालाच मी गेल्या महिन्यात एक दुरुस्ती पाठवली. निबंधाचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे आणि योग्य निष्कर्ष श्री. किसन सटवाजी खिल्लारे यांनी निबंध छापला जाण्यापूर्वीच सांगितला होता, असे तीत लिहिले. काल संपादकांचे उत्तर आले. दुरुस्ती छापण्यास हरकत नाही. मात्र खिल्लारे यांच्या मताला लेखी आधार कोणता ते कळवावे, आणि तसा नसल्यास त्यांचे नाव वगळावे.

लेखी आधार! तुम्ही आयुष्यभर लिहीतच तर होतात, मामा. ताटांवर, घागरींवर, परातींच्या काठांवर. शिरड शहापूरपासून वसमतपर्यंत किती घरांच्या मांडणीवर तुमचे अक्षर आहे, हे तुम्हालाही सांगता आले नसते. पण नाण्यांविषयी तुम्ही जे बोललात ते कुठल्याच कागदावर नाही. ते मी आता लिहून काढते, जसे घडले तसे, माझी बाजू न सावरता.

सुरुवात हट्ट्याच्या रहीमभाई फिटरपासून करायला हवी. इराकात काही वर्षे नोकरी करून ते परतले तेव्हा तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत एकवीस काळी नाणी घेऊन आले. तिकडच्या बाजारात कुणीतरी ती त्यांच्या गळ्यात मारली होती. वसमतच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर छिन्नी-हातोडी घेऊन बसत असा, तिथे ती डबी त्यांनी तुमच्यापुढे उपडी केली आणि विचारले की हे पितळ आहे का, आटवून काही होईल का. तुम्ही डबी ठेवून घेतलीत आणि त्यांना एक तांब्याची कळशी दिलीत, त्यांच्या मुलीचे नाव उर्दूत घालून. तुम्हाला उर्दू येत नव्हते. रहीमभाईंनी खडूने लिहून दिले आणि तुम्ही ते चित्रासारखे गिरवलेत. ती कळशी मी नंतर पाहिली आहे. अक्षरात एकही चूक नाही.

तुम्ही ती नाणी आटवली का नाहीत, असे मी एकदा विचारले होते. तुमचे उत्तर मला शब्दशः आठवते.

"ह्याच्यावर कुणीतरी मागून नाव घातलंय, माय. नाव घातलेलं मी मोडीत देत न्हाई."

तेव्हा मी हिंगोलीच्या महाविद्यालयात नुकतीच रुजू झाले होते. आपला जिल्हा अजून परभणीच होता. तुम्ही रविवारी सकाळच्या बसने आलात आणि माझ्या टेबलावरच्या पुस्तकांची चळत हलक्या हाताने बाजूला करून डबी मांडलीत. पहिलेच नाणे उचलून मी उजेडात धरले. एका बाजूला अपोलो या ग्रीक देवाचे मुख, दुसऱ्या बाजूला तिपाई. अलेक्झांडरच्या मागून सीरियापासून इराकपर्यंत राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्याची, बावीस-तेवीस शतकांपूर्वीची तांब्याची नाणी! ज्यांची चित्रे पाहण्यासाठी मी औरंगाबादच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस घालवले होते, ती माझ्या मामाच्या तंबाखूच्या डबीत होती.

आणि तुम्ही म्हणालात ते खरे होते. अनेक नाण्यांवर मूळ चित्रांखेरीज एक लहानसा खोल ठसा मागाहून मारलेला होता. झिजलेले नाणे चलनात ठेवायचे असले की नवा सत्ताधारी त्यावर आपली खूण मारून ते पुन्हा खरे ठरवत असे. काहींवर घोड्याचे मुंडके होते, काहींवर जहाजाचा नांगर. दोन नाण्यांवर दोन्ही होते.

या दोनपैकी एक नाणे तुम्ही चिंच आणि राख लावून लख्ख घासून आणले होते.

तुम्हाला वाटले होते, भाचीच्या हाती द्यायची वस्तू उजळून द्यावी. नाव घालण्यापूर्वी प्रत्येक भांडे तुम्ही तसेच उजळत होतात, नाही तर छिन्नी कुठे बसते ते दिसत नाही. आणि मी काय केले? आभार मानण्याआधी तुम्हाला रागावले. दोन हजार वर्षांत चढलेला हिरवा थर हा नाण्याचा पुरावा असतो, तो तुम्ही पाच मिनिटांत मोरीत घालवलात, असे म्हटले. तुम्ही उरलेल्या वीस नाण्यांकडे पाहिलेत आणि म्हणालात, "बरं झालं, एकच घासलं." मी हसले नाही. ते नाणे वेगळ्या पाकिटात घातले आणि पाकिटावर लाल शाईने 'बाद' असे लिहिले.

चिंचेविषयीचे माझे मत आजही कायम आहे, मामा. ते मी मागे घेणार नाही. नाणी चिंचेने घासू नयेत.

पुढची पाच-सहा वर्षे मी सवड मिळेल त्या रविवारी शिरड शहापूरला येत राहिले. आईला वाटे, मी मामाच्या मायेपोटी जाते. खरे तर मी शिकायला येत होते, आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुम्ही ओसरीत उजेड डाव्या हाताला येईल असे बसायचात आणि मलाही तसेच बसवायचात. समोरून उजेड आला तर खड्डा उंचवटा वाटतो, हे मला कुठल्याही प्राध्यापकाने सांगितले नव्हते. नाणे तुम्ही डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त पाहत होतात. एकदा तुम्ही तीन नाणी ओळीने मांडलीत आणि म्हणालात की ह्या तिन्ही नांगरांचा मार एकाच छिन्नीचा आहे, कारण तिघांचाही उजवा आकडा टोकाला मोडका आहे. मी भिंग लावून पाहिले. टोक मोडके होते, तिन्हींचे, एकाच जागी.

माझ्या निबंधात या निरीक्षणावर दीड पान आहे. त्याची पुष्कळ वाखाणणी झाली. त्यात 'असे सूक्ष्म निरीक्षणाअंती आढळले' असा शब्दप्रयोग मी केला आहे. कुणाच्या निरीक्षणाअंती, ते त्या वाक्यात नाही. वाक्यरचना फार सफाईची आहे!

आता मूळ प्रश्न. ज्या नाण्यांवर दोन्ही ठसे आहेत त्यांवर आधी कोणता मारला गेला, घोड्याचा की नांगराचा? प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ज्या सत्तेचा ठसा नंतरचा, तिच्या हातात ही नाणी जिथे चालत ते गाव नंतर आले; त्यावरून कुणी कुणाला हटवले ते कळते. माझा तर्क असा होता की नांगर ही राजघराण्याची खूण, म्हणून ती आधीची. घोडा कुण्या बंडखोर सरदाराचा, म्हणून तो नंतरचा. ग्रंथांच्या आधाराने मी तो तर्क छान बांधला होता. दोन ठसे असलेल्या एका नाण्यावर ते एकमेकांपासून दूर होते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नव्हते. दुसऱ्यावर ते एकमेकांवर चढलेले होते. पण ते तुमचे चिंच लावलेले नाणे. घासलेल्या पृष्ठभागावर विश्वास ठेवणे शास्त्राला धरून नाही, म्हणून त्या पाकिटाला मी हात लावला नाही.

माझा तर्क तुम्हाला ओसरीत ऐकवला असता तर बरे झाले असते. पण तो तुम्ही इतर सर्वांबरोबर सभागृहात ऐकलात.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. इतिहासप्रेमी मंडळाने वसमतला एक सभा घेतली आणि मला निबंधवाचनासाठी बोलावले. तुम्ही पांढरे धोतर आणि इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला होतात. मी तुम्हाला पाहिले. सभेपूर्वी तुमच्यापाशी आले नाही, कारण बाहेरगावचे दोन प्राध्यापक माझ्याशी बोलत होते. कारण हे एवढेच होते, आणि ते पुरेसे नव्हते.

वाचन झाले, टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी प्रश्न विचारायला सांगितले. तुम्ही उभे राहिलात. प्रश्नाआधी स्वतःचे नाव सांगायचे असते हे तुम्हाला ठाऊक नव्हते.

"म्याडम," तुम्ही म्हणालात. मला म्याडम म्हणालात, मामा! "घोडा आधीचा वाटून राहिला. आमी नाव घालतो तवा पहिलं नाव मधी, मोकळ्या जागेवर घालतो. मग भांडं लेकीला गेलं, दुसरं नाव आलं, तर ते कडंला घालावं लागतं. पहिल्याला जागा निवडता येते, दुसऱ्याला उरलेली घ्यावी लागते. हितं दोन्ही नाण्यांवर घोडा देवाच्या तोंडापुढं मोकळ्यात हाय, अन् नांगर कडंला दाबून बसवलाय."

मला तेव्हाच कळायला हवे होते. त्याहून वाईट म्हणजे, क्षणभर कळलेही होते. पण पुढच्या रांगेत ते दोन प्राध्यापक बसलेले, हातात टंकलिखित निबंध, आणि आक्षेप घेणारा माझा मामा. मी म्हटले, "तांब्यांवर नाव घालणे आणि नाणकशास्त्र यांत थोडा फरक आहे."

सभागृह हसले. तुम्हीही थोडे हसलात आणि खाली बसलात.

एवढ्यावरच मी थांबले नाही. अध्यक्षांनी कुतूहलाने विचारले की हे गृहस्थ कोण, तेव्हा मी म्हटले, इथले एक कारागीर आहेत. कारागीर! ज्या नाण्यांवर मी तासभर बोलले ती तुमच्या डबीतून आली होती. ज्या मुलीची वही-पुस्तके, वसतिगृहाची गादी आणि पहिला चष्मा यांचा खर्च तुम्ही उचलला होतात, ती मुलगी तिथे उभी राहून तुम्हाला इथले एक कारागीर म्हणाली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. सभा संपल्यावर बाहेर येऊन पाहिले तर तुम्ही शेवटची बस पकडायला निघून गेला होतात.

तुम्ही रागावला असतात तर मला सोपे गेले असते. पुढच्या रविवारी आले तेव्हा तुम्ही नेहमीसारखे, "येऊन राहिलीस का माय, ये," म्हणालात, मामींना चहा टाकायला सांगितलात, आईच्या गुडघ्याची चौकशी केलीत. बदल एकच झाला. नाणी दाखव असे तुम्ही पुन्हा म्हणाला नाहीत. मी पिशवीतून आणलेली तशीच परत नेली. असे चार रविवार झाल्यावर आणणेही सोडले. तुमच्यावर माझी एक तक्रार आहे, मामा, आणि ती मी सौम्य शब्दांत मांडते: तुम्ही माझ्याशी भांडायला हवे होते. तुम्ही मला फार लवकर मोठी समजलात.

दरम्यान तुमच्या व्यवसायाचेही दिवस पालटले. स्टीलची भांडी आली, विजेवर चालणारे नाव घालायचे यंत्र आले, आणि दुकानदाराने पायरीवरची तुमची जागा त्या यंत्राला दिली. यंत्राचे अक्षर एकसारखे, बारीक आणि निर्जीव असते. हे माझे मत, तुमचे नव्हे. तुम्ही म्हणायचात की बराबर असतं अक्षर, फक्त भांडं कुणाचं हाय ते त्याला म्हायती नसतं. मग छातीचा त्रास वाढला, नांदेडच्या फेऱ्या झाल्या, आणि एका सकाळी तुमच्या चुलतभावाचा दूरध्वनी आला. मी पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुमच्याविषयी बोलले. मलाही बोलायला सांगितले. मी व्यवस्थित, मुद्देसूद बोलले आणि त्या सभेचा उल्लेख केला नाही.

तुमच्या पश्चात मी ती नाणी विद्यापीठाच्या संग्रहालयाला द्यायचे ठरवले. एकवीसही नाण्यांची सूची करायची, वजने, व्यास, ठसे, सगळे नोंदवायचे. वीस झाली. एकविसावे 'बाद' पाकिटात होते. सूची अपुरी ठेवणे माझ्याच्याने होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून केवळ पूर्ततेसाठी ते बाहेर काढले, खिडकीशी डावीकडून उजेड घेऊन बसले आणि भिंग लावले.

मामा, थर नव्हता म्हणून दिसले. इतर नाण्यांवर जे हिरव्या थराखाली गाडलेले असते ते या एकाच नाण्यावर उघडे होते. नांगराच्या ठशाच्या चौकटीची कड घोड्याच्या कानातून आरपार गेली होती. कान कापलेला होता. कापणारा नंतरचा असतो. याला ना ग्रंथ लागतात ना पदवी. घोडा आधी, नांगर नंतर. राजघराण्याने ते गाव घालवले नव्हते, परत घेतले होते. माझा संपूर्ण निबंध उलटा होता, आणि तो उलटा आहे हे सांगणारे नाणे पंधरा वर्षे माझ्याच कपाटात लाल शाईखाली पडून होते.

मग दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरला गेले.

मामी ओसरीत मेथी निवडत होत्या. मी त्यांना सगळे सांगितले, नाणे, सभा, माझे उत्तर, लोकांचे हसणे. त्यांना काहीच माहीत नव्हते. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन एवढेच सांगितले होते म्हणे, की पोरगी लई छान बोलली, साऱ्या सभेनं टाळ्या वाजवल्या. मी विचारले, लोक हसल्याचे मामा कधीच बोलले नाहीत? मामींनी मान हलवली. त्या हातातली जुडी निवडत राहिल्या. मला वाटले, आता त्या माझी समजूत घालतील. मी त्यासाठीच गेले होते, हे तेव्हा लक्षात आले.

"मग हे मला काहून सांगून राहिलीस?" त्या म्हणाल्या. "मी कुठं हसले व्हते? लोकायला सांग."

म्हणून ती दुरुस्ती पाठवली. आणि म्हणून काल संपादकांचे ते उत्तर आले.

काल संध्याकाळी, कबूल करते, मी अर्धा तास डळमळले. नाव वगळून दुरुस्ती छापली तरी शास्त्राच्या दृष्टीने काम पूर्ण होते. चूक सुधारली जाते. उलट स्वतःची चूक स्वतः शोधणारी अभ्यासक म्हणून माझा लौकिक वाढतो. इतकी सोयीची वाट समोर आली की मला माझीच भीती वाटते. एकदा 'सूक्ष्म निरीक्षणाअंती आढळले' असे लिहिलेला हात तेच दुसऱ्यांदा लिहायला कितीसा वेळ घेईल?

मी तसे करणार नाही. या पत्राची प्रत सहीनिशी संपादकांकडे जाईल. लेखी आधार हवा होता, तो हा. वसमतच्या सभेचे अध्यक्ष हयात आहेत, त्यांना मी कालच पत्र टाकले आहे की तो प्रश्न आणि माझे उत्तर त्यांना आठवत असेल तर तसे लिहून द्यावे. माझे उत्तर त्यांना आठवत असणार. लोक ज्यावर हसतात ते त्यांच्या लक्षात राहते. एवढे करूनही नियतकालिकाने नाव नाकारले, तर मंडळाच्या पुढच्या वार्षिक सभेत मी ती दुरुस्ती उभी राहून वाचेन आणि संग्रहालयाच्या सूचीत छापून घेईन. सूची माझी आहे. तिथे मला कुणाची परवानगी लागत नाही.

दुरुस्तीखालची तळटीप मी आज सकाळपासून सात वेळा लिहिली. आधीच्या सहांमध्ये कुठे ना कुठे मी स्वतःला वाचवले होते. सातवी अशी आहे:

'घोड्याचा ठसा आधीचा व नांगराचा नंतरचा, हे प्रथम किसन सटवाजी खिल्लारे, भांड्यांवर नावे घालणारे, राहणार शिरड शहापूर, यांनी वसमत येथील सभेत कारणासह सांगितले. तीन नाण्यांवरील नांगर एकाच छिन्नीने मारल्याचेही त्यांनीच ओळखले. नाणी त्यांच्या संग्रहातील आहेत. निबंधलेखिकेने सभेत त्यांचे म्हणणे थट्टेवारी नेले व ते आपले मामा असल्याचे सांगितले नाही.'

संपादक म्हणतील, शेवटच्या वाक्याचा नाणकशास्त्राशी संबंध नाही. म्हणोत. मामा, मी तुम्हाला वचन देते की यातला एक शब्दही मी कमी होऊ देणार नाही.

तुमच्या ओसरीतली विद्यार्थिनी,
तुमची भाची
करुणा